आफ्रिकन स्थलांतरितांच्या कादंबऱ्या अर्ध्या शिकवू नका

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या इंग्रजी व तौलनिक साहित्य विषयांच्या अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम पुन्हा लिहिण्याचं काम आपल्या विद्यापीठांत चालू आहे. त्यातल्या आफ्रिकन साहित्याच्या घटकाबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे. बऱ्याच ठिकाणी हा घटक चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’पाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. अलीकडे काही मंडळांनी त्याला जोडून परदेशी गेलेल्या आफ्रिकन माणसांची एखादी कादंबरी किंवा दोन-तीन कथा नेमायला सुरुवात केली आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. पण उतारे निवडताना, शिकवताना आणि प्रश्न काढताना या पुस्तकांतून एक भाग जवळजवळ नियमाने बाहेर ठेवला जातो. माणसांचं शरीर, त्यांची इच्छा, कुणावर प्रेम करायचं आणि कुणाशी लग्न करायचं हा त्यांचा निर्णय, या सगळ्यावरून आपण पान उलटतो. वंशभेद शिकवतो, भाषेचा प्रश्न शिकवतो, घरची ओढ आणि दोन संस्कृतींमधला पेच शिकवतो. माझं म्हणणं असं की या साहित्यात ते उलटलेलं पान वाचल्याशिवाय बाकीची पानंही नीट कळत नाहीत. म्हणून ही पुस्तकं पूर्ण शिकवावीत, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘अमेरिकाना’ (२०१३) घ्या. तिच्यावरचे प्रश्न आता ठरून गेले आहेत: नायजेरियाहून अमेरिकेत आलेल्या नायिका इफेमेलूचे केस, ट्रेंटनच्या सलूनमध्ये घातल्या जाणाऱ्या वेण्या, वंशावरचा तिचा ब्लॉग, अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर आपण ‘काळ्या’ आहोत हे तिला पहिल्यांदा जाणवणं. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण कादंबरी ज्या प्रसंगावर वळते तो वेगळाच आहे. फिलाडेल्फियात शिकायला आलेल्या इफेमेलूला काम करायची परवानगी नाही. दुसऱ्या बाईच्या नावाचं कार्ड दाखवून ती नोकऱ्या शोधत फिरते, एकामागून एक नकार ऐकते, खोलीचं भाडं थकतं. शेवटी ती एका टेनिस प्रशिक्षकाकडे जाते. त्याला ताण हलका करायला ‘मदतनीस’ हवी असते. पहिल्या भेटीत ती परत फिरलेली आहे. दुसऱ्यांदा ती स्वतः फोन करून जाते, कारण आता दुसरा इलाजच उरलेला नाही. तो तिला स्पर्श करतो, तिच्याकडून करवून घेतो आणि शंभर डॉलर हातावर ठेवतो. त्यानंतर ती नायजेरियातल्या आपल्या प्रियकराच्या, ओबिन्झेच्या, एकाही पत्राला उत्तर देऊ शकत नाही. वर्षानुवर्षं.

ओबिन्झेचं काय होतं तेही पाहा. तो लंडनला जातो, काम करायला लागणाऱ्या राष्ट्रीय विमा क्रमांकासाठी दुसऱ्याचा क्रमांक वापरून संडास साफ करण्यापासून मिळेल ते काम करतो आणि तिथे राहण्याचे कागद मिळावेत म्हणून पैसे मोजून ठरवलेल्या लग्नाला उभा राहतो. लग्नाच्याच दिवशी पकडला जाऊन मायदेशी परत पाठवला जातो. एकीने भाड्यासाठी शरीर दिलं, दुसऱ्याने कागदांसाठी लग्न मांडलं. अशा दोघांची ही प्रेमकथा आहे. टेनिस प्रशिक्षकाचा प्रसंग गाळला तर ही दोघं एकमेकांपासून का तुटली याचं कारणच विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही, आणि मग तो ‘अंतरामुळे दुरावा आला’ असं काहीतरी लिहून येतो. मी हा प्रसंग वर्गात शिकवला तेव्हा विद्यार्थिनींचे पहिले प्रश्न पैशांचे होते. विद्यार्थी व्हिसावर किती तास काम करता येतं? भाडं थकलं की काय होतं? मग ती हे कुणाला सांगू का शकली नाही? तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्या आपापल्याच पोहोचल्या. त्या कशाला बिचकतील याची आपण उगाच काळजी करतो.

हे काही या शतकातच सुरू झालेलं नाही. बुची एमेचेटा १९६२ मध्ये लागोसहून लंडनला आल्या. १९७४ साली आलेल्या त्यांच्या ‘सेकंड-क्लास सिटिझन’मध्ये आदा नावाची तरुण बाई आहे. घरात एकामागून एक मुलं, नवरा शिकतो म्हणतो पण कमावत नाही, घर आदाच्या ग्रंथालयातल्या नोकरीवर चाललेलं. ती कुटुंबनियोजन केंद्रात जाते. साधन मिळवायला अर्जावर नवऱ्याची सही लागते. आदा ती सही स्वतः ठोकते. पुढे नवऱ्याला कळतं तेव्हा घरात जो कहर होतो, तो वाचताना अंगावर काटा येतो. या पुस्तकातली काळ्या भाडेकरूंना खोली नाकारणाऱ्या लंडनची वर्णनं आपण उताऱ्यांत घेतो. सहीचा प्रसंग घेत नाही. वास्तविक आदा ‘दुय्यम नागरिक’ आहे ती दोन्हीकडून. रस्त्यावर गोऱ्या घरमालकांमुळे आणि घरात स्वतःच्या शरीरावरच्या हक्काबाबत. एमेचेटांनी हे दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच बाईच्या आयुष्यात ठेवलं आहे. त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याने त्यांचं पहिलं हस्तलिखित जाळलं होतं, हे आपण लेखक परिचयात सांगतो आणि पुढे जातो. ते का जाळलं असेल याचं उत्तर कादंबरीत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

परदेशात जाणाऱ्या आफ्रिकन माणसाला आपली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. व्हिसाच्या खिडकीवर, विद्यापीठाच्या अर्जात, आश्रय मागत असेल तर अधिकाऱ्यासमोर. या प्रत्येक ठिकाणी गोष्टीचा एक साचा ठरलेला असतो. चिनेलो ओकपारांटा यांच्या ‘हॅपिनेस, लाइक वॉटर’ (२०१३) या संग्रहात ‘अमेरिका’ नावाची कथा आहे. नेन्ना ही नायजेरियातली शिक्षिका अमेरिकेच्या व्हिसासाठी लागोसला निघाली आहे. तिला जायचं आहे ते ग्लोरियाकडे, तिच्या प्रेयसीकडे. पण मुलाखतीत ती सांगते पर्यावरणाचं कारण. मेक्सिकोच्या आखातात झालेल्या तेलगळतीचा अभ्यास करायचा, तिथे शिकायचं आणि परत येऊन नायजर डेल्टाचं तेलाने झालेलं नुकसान भरून काढायला मदत करायची. हे कारण खोटं नाही, आणि पूर्ण खरंही नाही. नायजर डेल्टाची माती तेलाने खरोखर नासली आहे आणि नेन्नाला त्याची खरोखर चाड आहे. पण ती ज्यासाठी बसमध्ये बसली आहे ते कारण अर्जाच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही. आईला ते ठाऊक आहे, आणि आईला नातवंडं हवी आहेत. अवघ्या काही पानांच्या या कथेत तेल कंपन्या, व्हिसाची व्यवस्था, आई आणि मुलीचं नातं आणि दोन बायकांचं प्रेम एकमेकांत इतकं मिसळलं आहे की त्यातलं एक काढून घेतलं की बाकीचं विस्कटतं. ओकपारांटा स्वतः पोर्ट हारकोर्टला जन्मल्या आणि दहा वर्षांच्या असताना अमेरिकेत गेल्या. त्यांच्या पुस्तकाला पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, समलैंगिक जीवनाविषयीच्या साहित्याला दिला जाणारा लॅम्डा पुरस्कार मिळाला.

त्याच २०१४ च्या जानेवारीत नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी समलिंगी विवाहबंदीच्या कायद्यावर सही केली. विवाह केला तर चौदा वर्षं तुरुंग, आणि नुसती संघटना चालवली किंवा नातं उघडपणे दाखवलं तरी दहा वर्षं. त्याच महिन्यात केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांनी आपण समलैंगिक आहोत असं जाहीरपणे लिहिलं. आपल्या आत्मकथनाचं राहून गेलेलं प्रकरण म्हणून त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि त्यात ते हे आपल्या मरणासन्न आईला सांगतात. प्रत्यक्षात आईच्या शेवटच्या दिवसांत ते दक्षिण आफ्रिकेत होते आणि तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. ती भेट त्यांना कल्पनेत घडवावी लागली. कल्पित साहित्याची गरज का पडते, हे विद्यार्थ्यांना समजावताना मला यापेक्षा चांगलं उदाहरण आजवर सापडलेलं नाही.

आश्रयाचा प्रश्न तर याहून कठीण. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१० रोजी दोन समलैंगिक पुरुषांच्या बाजूने निकाल दिला. एक इराणचा होता, दुसरा कॅमेरूनचा. तोपर्यंत अशा अर्जदारांना सांगता यायचं की परत जा, जपून राहा, कुणाला कळू देऊ नका, म्हणजे धोका राहणार नाही. आयुष्यभर लपून राहण्याची अपेक्षा कुणाकडून करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे २ डिसेंबर २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानेही बंधन घातलं. अर्जदाराच्या लैंगिक व्यवहारांचे तपशील विचारायचे नाहीत, तो समलैंगिक आहे हे ठरवायला चाचण्या घ्यायच्या नाहीत, खाजगी संबंधांच्या चित्रफिती पुरावा म्हणून स्वीकारायच्या नाहीत. असा निकाल द्यावा लागला यावरूनच त्या खोल्यांमध्ये माणसांवर काय वेळ येत असेल ते कळतं. हे निकाल झाले तरी एक गोष्ट तशीच राहिली. अधिकाऱ्याला सरळ, सुसंगत कथा लागते. लहानपणापासून जाणीव होती, छळ झाला, पळून आलो. मधे शंका नको, लग्न नको, देवावरची श्रद्धा नको, आठवणीत विसंगती नको. आणि घरच्यांना तर कुठलीच कथा नको असते.

या दोन्हींच्या मधली जी माणसं आहेत ती फक्त साहित्यात भेटतात. अदिचींच्या ‘द थिंग अराउंड युवर नेक’ (२००९) मधल्या ‘द शिवरिंग’ कथेतला चिनेडू पाहा. नायजेरियात विमान कोसळल्याची बातमी आलेली असते. प्रिन्स्टनला राहणाऱ्या उकामाकाचा पूर्वीचा प्रियकर त्या विमानात असेल या भीतीने ती कासावीस झाली आहे. चिनेडू तिचं दार ठोठावतो आणि म्हणतो, आपण प्रार्थना करू. तो कडवा धार्मिक आहे. तो अबिदेमी नावाच्या पुरुषावर जिवापाड प्रेम करत होता. आणि त्याच्या व्हिसाची मुदत संपलेली आहे. ही तिन्ही सत्यं एकाच माणसाची आहेत आणि कथा कुठल्याही एकासाठी दुसऱ्याला खोटं पाडत नाही. त्याच संग्रहात दुसऱ्या कथेत फिलाडेल्फियात मूल सांभाळणारी कामारा आहे. विवाहित, शिकलेली, नवऱ्यामागे अमेरिकेत आलेली, आणि एका सोमवारपासून त्या मुलाच्या चित्रकार आईकडे, ट्रेसीकडे, खेचली गेलेली. तिला या ओढीचं नाव ठाऊक नाही आणि कथा संपेपर्यंत ते तिला मिळतही नाही. बर्नार्डीन एव्हरिस्टो यांच्या २०१९ च्या बुकर विजेत्या ‘गर्ल, वुमन, अदर’मध्ये बम्मी आहे. नायजेरियात गणिताची पदवी घेतलेली बाई लंडनमध्ये साफसफाई करते. विधवा झाल्यावर तिच्या आयुष्यात ओमोफे येते, दोघींचं नातं जडतं, आणि त्यानंतर बम्मी एका पुरुषाशी लग्न करते. यांपैकी कुणाचीही गोष्ट ऐकून अधिकारी शिक्का मारणार नाही. आपल्या प्रश्नपत्रिकेतल्या ‘व्यक्तिरेखा स्पष्ट करा’ या प्रश्नातही ती बसत नाही, म्हणून आपण तिला वगळतो. अधिकाऱ्याची सक्ती आपण कळत नकळत वर्गातही आणली आहे, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

मंडळाच्या बैठकांत एक आक्षेप हमखास येतो. हे प्रश्न तिकडचे, आपल्या विद्यार्थ्यांना कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात मुंबई आहे. १८६० ची भारतीय दंडसंहिता आणि समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं तिचं कलम ३७७ हे भारतापुरतं राहिलं नाही. १८९७ नंतर पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात, भारतीय दंडसंहिताच लागू करण्यात आली आणि ती १९३० पर्यंत चालली. झांझिबारच्या ब्रिटिश न्यायालयातली अपिलं एके काळी मुंबई उच्च न्यायालयात येत. उत्तर नायजेरियाची दंडसंहिता सुदानच्या वाटेने भारतीय संहितेवरूनच घडली. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे शब्द या सगळ्या कायद्यांत जवळजवळ तसेच सापडतात. ज्या कायद्यांच्या धाकात केनियातली आणि उत्तर नायजेरियातली माणसं जगतात, त्यांची एक मुळी आपल्याच दंडसंहितेपर्यंत येते. आणि वाटचाल उलटीही झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधला संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, तेव्हा तो निकाल आफ्रिकेतल्या न्यायाधीशांनी वाचला. जून २०१९ मध्ये बोत्सवानाच्या उच्च न्यायालयाने आपला तसाच कायदा रद्द करताना भारतीय निकालाचा आधार घेतला. त्याच्या काही आठवडे आधी केनियाच्या उच्च न्यायालयाने मात्र कायदा कायम ठेवला होता. युगांडाने तर २०२३ मध्ये काही प्रकरणांत मृत्युदंडापर्यंत जाणारा कायदा केला. साहित्याच्या वर्गात हे सांगायला अर्धा तास पुरतो, आणि तेवढ्याने ‘तिकडचं’ हा शब्द गळून पडतो.

आणखी एक गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या देशांतून शिकायला आलेले विद्यार्थी पुण्यात वर्षानुवर्षं आहेत. आपण आफ्रिकेबद्दल काय शिकवतो ते त्यांच्याही कानावर जातं.

मात्र शरीर आणि लैंगिकता अभ्यासक्रमात आणताना एक चूक फार सहज होऊ शकते, तिच्याबद्दल आत्ताच सावध करते. ‘आफ्रिका मागासलेली आणि क्रूर, पश्चिम मोकळी’ असा निष्कर्ष काढून विद्यार्थी वर्गाबाहेर पडले तर त्यांनी काहीच वाचलं नाही असं मी म्हणेन. उझोडिन्मा इवेआला यांची ‘स्पीक नो ईव्हिल’ (२०१८) या बाबतीत फार मोलाची आहे. वॉशिंग्टनमधल्या सुखवस्तू नायजेरियन घरातला निरू हार्वर्डला निघालेला हुशार मुलगा आहे. तो समलैंगिक आहे हे वडिलांना कळतं, ते त्याला मारतात आणि ‘शुद्ध’ करून आणायला नायजेरियाला नेतात. इथवर वाचणाऱ्याला वाटतं की गुन्हेगार कोण ते कळलं. पण निरू मरतो तो अमेरिकन पोलिसाच्या गोळीने, कारण रस्त्यात एका गोऱ्या मुलीसोबत उभा असलेला काळा मुलगा पाहून पोलिसाने काय ते ठरवून टाकलेलं असतं. पुस्तकाचा शेवटचा भाग त्याच मुलीच्या, मेरेडिथच्या, तोंडून येतो. निरूला घरात वाचवणारं कुणी नव्हतं आणि बाहेरही नव्हतं. यातला एकच अर्धा भाग शिकवला तर लेखकाशी प्रतारणा होते.

घानाच्या आमा आता आयडू यांनी तर १९७७ मध्येच हा गुंता हाताळला होता. ‘अवर सिस्टर किलजॉय’मधली सिस्सी शिष्यवृत्तीवर युरोपात आलेली तरुणी आहे. बव्हेरियातली मारिया ही एकटी पडलेली गृहिणी तिला रोज आलुबुखार आणून देते, घरी बोलावते आणि एका रात्री तिच्या अंगाला हात लावते. सिस्सी तिला फटका मारते. नंतर स्वतःच्या त्या रागाकडे, मारियाच्या रडण्याकडे, वसतिगृहातल्या मुलींच्या आठवणींकडे आणि गोऱ्या बाईच्या एकटेपणात दडलेल्या वसाहतीच्या इतिहासाकडे तिची नजर एकाच वेळी फिरत राहते. या प्रसंगाचा ‘योग्य’ अर्थ एकच असा काढता येत नाही. टीकाकारांचं त्यावर आजही एकमत नाही. वर्गात चर्चा घडवायला यापेक्षा काय हवं? टेजू कोल यांची ‘ओपन सिटी’ (२०११) आपल्याकडे शहरात भटकणाऱ्या सुसंस्कृत स्थलांतरिताची कादंबरी म्हणून शिकवली जाते. तिच्या शेवटाकडे ज्युलियसवर एक बाई बलात्काराचा आरोप करते आणि तो एक शब्दही बोलत नाही. तो आरोप गाळून उरलेलं भटकणं शिकवणं मला गैर वाटतं.

‘हे आफ्रिकन नाहीच, पाश्चात्त्यांनी शिकवलेलं आहे’ असंही म्हटलं जातं. आफ्रिकेतले राजकारणीही तेच म्हणतात. त्यासाठी अक्वाएके एमेझी यांची ‘फ्रेशवॉटर’ (२०१८) वाचायला हवी. लेखकाचा जन्म नायजेरियातला, वडील इग्बो, आई मलेशियातली तमिळ. या कादंबरीतली आदा (एमेचेटांची आदा वेगळी) शिकायला अमेरिकेत, व्हर्जिनियात, येते. तिच्या आत ओग्बान्जे, म्हणजे इग्बो समजुतीतले पुन्हा पुन्हा जन्मून मरणारे आत्मे, राहतात, आणि कथा बरीचशी त्यांच्याच तोंडून येते. लैंगिक अत्याचारानंतर त्यांतला एक पुढे होऊन शरीराचा ताबा घेतो. बाई की पुरुष, कोणावर प्रेम, छातीवर शस्त्रक्रिया का, या सगळ्याची उत्तरं इग्बो जगातून येतात, मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीतून येत नाहीत. त्याच्या जोडीला इफी अमाडिउमे यांचा १९८७ सालचा अभ्यास ठेवता येईल. नोबी या इग्बो गावात बाई दुसऱ्या बाईशी लग्न करून ‘नवरा’ होऊ शकत असे, मुलगी मुलाची जागा घेऊ शकत असे, हे त्यांनी तपशीलवार दाखवलं. ती लग्नं आजच्या अर्थाने समलिंगी होती असं त्या म्हणत नाहीत, आणि आपणही म्हणू नये. पण इग्बो समाजात नवरा आणि मुलगा या जागा देहाला चिकटलेल्या नव्हत्या, एवढं त्यातून नक्की कळतं. विसाव्या वर्षी हे वाचायला मिळालेला विद्यार्थी आफ्रिकेबद्दल ठोकळेबाज बोलणार नाही.

एका अभ्यासक्रमाच्या बैठकीत अशीच एक कथा यादीतून काढली गेली तेव्हा मी उपस्थित होते. कथा वाईट आहे असं कुणीही म्हटलं नाही. पालक काय म्हणतील, तालुक्याच्या महाविद्यालयातली शिक्षिका हे कसं शिकवेल, मुलं हसतील, एवढीच कारणं पुढे आली. ही कारणं मी हलकी मानत नाही. एकटीने साठ-सत्तर मुलांसमोर उभं राहणाऱ्या शिक्षिकेला आधार लागतोच. पण विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये मराठी रंगमंचावर आलं. त्यातल्या मित्रा नावाच्या तरुणीला बाईकडे असलेली आपल्या मनाची ओढ कळते आणि महाविद्यालयाच्या आवारातच मित्राचं जगणं अशक्य होतं. तेच नाटक इंग्रजी अनुवादात आपल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमात वाचलं आहे. मित्राला आपण वर्गात जागा देऊ शकलो, तर नेन्नाला आणि चिनेडूला देता येणार नाही असं मला वाटत नाही. शिवाय परदेशी शिकायला निघालेली मुलंमुली आता आपल्या प्रत्येक वर्गात आहेत. कागद नसलेल्या माणसाचं शरीर किती उघडं पडतं, हे त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

काय करता येईल ते थोडक्यात लिहिते. कादंबरी नेमली तर पूर्ण नेमा. उतारेच घ्यायचे असतील तर ‘अमेरिकाना’चा टेनिस प्रशिक्षकाचा भाग आणि ‘सेकंड-क्लास सिटिझन’मधला सहीचा भाग त्यात असू द्या. कादंबरीला वेळ पुरत नसेल तर ‘अमेरिका’ आणि ‘द शिवरिंग’ या दोन कथा चार तासांत नीट शिकवून होतात. ही पुस्तकं ‘लिंगभाव अभ्यास’ नावाच्या वेगळ्या ऐच्छिक पेपरात ढकलू नका. ती स्थलांतराची पुस्तकं आहेत आणि मुख्य पेपरातच असायला हवीत. प्रश्न बदला. ‘सांस्कृतिक संघर्ष स्पष्ट करा’ याऐवजी ‘नेन्ना मुलाखतीत जे सांगते आणि जे सांगत नाही, त्या दोन्हींचा कथेतला उपयोग दाखवा’ असं विचारा, म्हणजे विद्यार्थ्याला मूळ कथा वाचावीच लागेल. शिक्षकांच्या उजळणी वर्गांत एक दिवस या साहित्यासाठी ठेवा आणि ज्यांनी ते शिकवलं आहे त्यांनाच बोलवा. संदर्भग्रंथांच्या यादीत वर सांगितलेले निकाल आणि कायदे घाला. ते सगळे सार्वजनिक आहेत. अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत मंडळाच्या नावाने दोन वाक्यं असावीत की या पुस्तकांतला लैंगिकतेचा भाग हा अभ्यासाचा भाग आहे आणि तो शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी मंडळ उभं आहे. त्या दोन वाक्यांचं बळ तालुक्याच्या महाविद्यालयात किती मोठं असतं, हे तिथे शिकवलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

पुढच्या सत्राच्या अभ्यासक्रमावर मंडळाची बैठक होईल तेव्हा हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं, ही विनंती. बोलावल्यास मी येईन. या कथांच्या अध्यापनाची टिपणं आणि माझ्या विद्यार्थ्यांनी नावं न घालता दिलेल्या लेखी प्रतिक्रिया माझ्याकडे आहेत, त्याही घेऊन येईन.

आपली,
इंग्रजी साहित्य शिकवणारी एक प्राध्यापिका